एअर कॉम्प्रेसरचे फिल्टर: एका किटमागचा इतिहास

स्क्रू कॉम्प्रेसरच्या (दोन पीळदार रोटर फिरवून हवा दाबणाऱ्या यंत्राच्या) सर्व्हिस किटमध्ये एअर फिल्टर, ऑइल फिल्टर आणि सेपरेटर (दाबलेल्या हवेतून तेल वेगळं काढणारा फिल्टर) एकत्र येतात, म्हणून ते एकाच वेळी बदलायचे अशी समजूत रुळली आहे. किट सोयीचं आहे, पण प्रत्येक फिल्टर वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेतून आला आणि खराब होण्याची प्रत्येकाची तऱ्हाही निराळी.

दाबलेल्या हवेचं मोठं काम जगाने आल्प्समधल्या फ्रेजूस बोगद्यात (१८५७ ते १८७१) पाहिलं. तिथे जर्मेन सोमेये यांची हवेवर चालणारी ड्रिल वापरली गेली. पुढे पिस्टन कॉम्प्रेसर खाणींत आणि कारखान्यांत पसरले, तशी धुळीची खरी किंमत कळू लागली. सिलिंडर आणि रिंगा झिजत, हे तर होतंच. पण धूळ आणि सिलिंडरचं तेल दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या गरम डिलिव्हरी व्हॉल्व्हवर भाजून कार्बनचा थर धरायचं, आणि तो पेटून पाइपलाइनमध्ये स्फोटही होत.

कॉम्प्रेसरच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाशी बसवलेला ऑइल बाथ फिल्टर हा त्यावरचा एक उपाय. आत येणारी हवा तेलावरून वळते, जड धूळ तेलात पडते आणि उरलेली ओल्या जाळीला चिकटते. गाळ काढायचा, जाळी धुवायची, तेल भरायचं, एवढीच त्याची देखभाल. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घड्यांच्या कागदी एलिमेंटने (गाळणीने) त्याची जागा बरीचशी घेतली. बारीक धूळ अडू लागली, पण धुणं संपलं आणि बदलणं सुरू झालं. हात मात्र जुन्याच सवयीचे राहिले. आजही एलिमेंट काढून त्यावर एअर गन मारली जाते. जोराच्या झोताने कागदाला केसाएवढी चीर पडली तरी डोळ्यांना दिसत नाही, धुळीला मात्र वाट सापडते. उलट टोकाचा, वेळेआधीच बदलण्याचा उत्साहही फुकटच, कारण थोडी धूळ बसलेला कागद नव्या कागदापेक्षा बारीक कण अडवतो. बदलायची वेळ दाब सांगतो. तोंडाशी २० मिलिबार अडले तर हवा साधारण २ टक्के कमी येते.

स्क्रूची कल्पना जुनी आहे. हाइनरिख क्रिगार यांचं जर्मन पेटंट १८७८ चं, आणि आल्फ लिशोल्म यांनी स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात ती व्यवहारात आणली. पण सेपरेटरची गरज पडली ती १९५० च्या दशकात, रोटरमध्ये तेल सोडायला लागल्यावर. तेल फटी बुजवतं, उष्णता ओढतं, वंगणही करतं. मग तेच हवेतून परत काढावं लागतं. काचतंतूंच्या थरात सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाली उतरतात आणि स्कॅव्हेंज लाइन नावाच्या बारीक नळीने परत जातात. ही लाइन चोक झाली तर नवा सेपरेटर घालूनही हवेतून तेल येतच राहतं, आणि दोष बिचाऱ्या सेपरेटरला लागतो.

सेपरेटरच्या गॅस्केटला धातूच्या पिना टोचलेल्या दिसतात. तंतूंमधून हवा-तेल वेगाने जाताना तयार होणारी स्थिर वीज टाकीच्या धातूत उतरावी म्हणून त्या असतात. नको म्हणून उपटल्या तर तेलाच्या टाकीत ठिणगीची सोय आपणच करतो.

नव्या सेपरेटरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक साधारण ०.२ बार असतो. तो ०.८ ते १ बारकडे गेला की बदलतात. ७ बारच्या आसपास प्रत्येक जादा बारसाठी सुमारे ७ टक्के वीज जास्त जाते, म्हणजे फिल्टर 'अजून चालतोय' म्हणून ठेवण्यात बचत नसते. फरक अचानक शून्यावर आला तर खूश होऊ नये. एलिमेंट फाटलं असण्याची शक्यता जास्त.

शेवटचा टप्पा लाइन फिल्टरचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढे हवेच्या पाइपलाइनवर बसणाऱ्या फिल्टरचा. हवेच्या शुद्धतेची आंतरराष्ट्रीय भाषा १९९१ च्या आयएसओ ८५७३-१ या मानकाने दिली. २००१ आणि २०१० मध्ये ती सुधारली. तेलाच्या वर्ग १ ची मर्यादा घनमीटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. एवढी शुद्धता हवी असेल तर तेलाची वाफ धरायला अॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो आणि इथे दाबाचा फरक दाखवणाऱ्या गेजचा उपयोग नाही: कार्बन तेलाने पूर्ण भरला तरी दाब जराही पडत नाही, काटा हिरव्यातच राहतो. म्हणून तो तासांच्या हिशोबाने किंवा पुढच्या ऑइल इंडिकेटरचा रंग पाहून बदलतात.