नखाचा रंग वेगळा, ओळख वेगळी

पऱ्हाटीत कापूस वेचायला निघालेली बाई साडीवर नवऱ्याचा फुलशर्ट चढवते, तेव्हा यवतमाळपासून अकोल्यापर्यंत कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. ऊन लागतं, फांटे ओरबाडतात, म्हणून शर्ट. पण तिचाच कॉलेजातला पोरगा करंगळीला काळं नेलपॉलिश लावून आठवडी बाजारात दिसला, की पानठेल्यावर सुरू होतं, "काय बे, पोरगी झाला काय?" रील्स पाहणारा एखादा लगेच निदान करतो, "नॉन-बायनरी असन तो." टोमणा मारणारा आणि कड घेणारा, दोघंही नखावरूनच माणूस ठरवतात.

नेलपॉलिश, कानातली बाळी, पोरीचा बॉयकट ही झाली स्टाईल. पोरगा स्वतःला पोरगाच समजतो, त्याला काळा रंग आवडतो, एवढंच. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, दंडार या लोकनाट्यात पुरुषच बायकांची कामं करत आले; सकाळी तेच पुन्हा बांधावर.

नॉन-बायनरी असणं म्हणजे पुरुष किंवा स्त्री यांपैकी कुठल्याच एका खान्यात आपण पुरते बसत नाही, ही स्वतःबद्दलची जाणीव. अशी व्यक्ती साध्या पँट-शर्टात, तेल लावून, भांग पाडून एसटीत तुमच्या शेजारी बसलेली असेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. (कोणावर जीव जडतो, हा तिसराच मुद्दा. तो यात ओढू नका.)

तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयानेही पेहराव आणि वागणं कलम 19 मधल्या अभिव्यक्तीत धरलं, तर स्वतःची लिंगओळख ठरवणं कलम 21 च्या सन्मानाशी जोडलं.

गावात खरी कसोटी कपड्यांपेक्षा क्रियापदाची. इंग्रजीत भांडण सर्वनामांवर आहे. मराठीतला 'मी' कोणाचाही, पण पुढे 'आलो' म्हणा की 'आले', तिथे खाना निवडावाच लागतो. 'आलं' म्हणावं तर शेंबड्या लेकरासारखं वाटतं. भविष्यकाळात आणि काही वाक्यरचनांत मात्र ही कटकट नाही. 'येईन', 'जाईन', 'मला जायचं आहे', 'माझं जेवण झालं' यांत बोलणारा कोण, ते कळतच नाही.

माझ्या ओळखीतली एक वीस वर्षांची व्यक्ती याच वाटेने बोलते. परवा स्टँडवर फोन चालला होता, "आई, सातपर्यंत येईन. भाकर झाकून ठेवजो."