उत्सर्जन, प्राण्यांमधील

शरीरातील रासायनिक घडामोडींत तयार होणारे निरुपयोगी पदार्थ, मुख्यतः नायट्रोजनयुक्त, बाहेर टाकण्याची क्रिया. शेण, लेंड्या टाकणे हे उत्सर्जन नव्हे, मलविसर्जन. त्यात बहुतांशी न पचलेला चारा असतो. मूत्र मात्र रक्त गाळून तयार होते, म्हणून दोन्हींतून कळणारे आजार वेगळे. मलविसर्जनाच्या सवयीही सारख्या नसतात. गाय चालता चालता शेण टाकते, तर रोही (नीलगाय) ठरावीक जागी परत परत येऊन लेंड्यांचा ढीग करतो. शेताच्या धुऱ्यालगत असा ढीग दिसला तर रोह्यांची ये-जा नेहमीची आहे असे समजावे.

प्रथिने मोडली की विषारी अमोनिया निर्माण होतो. त्याचे पुढे काय करायचे हे मुख्यतः पाण्यावर ठरते. १ ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर टाकायला सुमारे ५०० मिलि पाणी लागते, युरियाच्या रूपात ५०, यूरिक आम्लाच्या रूपात अवघे १०. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतले रोहू, कटला अमोनिया कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात सोडतात. उन्हाळ्यात बोडी (लहान तळे) आटून मासळी दाटली, त्यात दुपारी पाण्याचा सामू (पीएच) चढला, की हाच अमोनिया त्यांच्या जिवावर उठतो. गाय, शेळी, माणूस युरिया टाकतात. बेडूकमासा अमोनिया टाकतो. बेडूक झाल्यावर तोही युरियाकडे वळतो.

कोंबडीच्या विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजे तिचे मूत्रच, घट्ट यूरिक आम्ल. पाण्याचे भांडे गळून तुसाची गादी ओली झाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर ओले तूस त्याच दिवशी काढावे.

बहुतेक कीटकांत मूत्रपिंडाचे काम आतड्याला जोडलेल्या बारीक माल्पिघी नलिका करतात. कपाशीवरच्या माव्यात त्याही नसतात. पानाच्या रसात साखर भरपूर आणि नायट्रोजन कमी, म्हणून मावा पोटभर रस ओढतो आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने सोडतो. हाच चिकटा. खालच्या पानांवर तो तेलासारखा चकाकतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि फुटलेल्या बोंडावर पडला तर रुई चिकट होते.

गुरांच्या कोठ्यात सर्वांत घातक बिघाड म्हणजे मुतखडा. बैलाची मूत्रनलिका लांब आणि इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली असते, खडा बहुधा त्या वळणात अडकतो. फार लहानपणी खच्ची केलेल्या गोऱ्ह्याची नळी अरुंदच राहते. त्यात कोंडा, चुरी जास्त आणि पाणी कमी पडले की खडे धरतात. धडधाकट बैल दिवसाला साधारण ६ ते १५ लिटर लघवी करतो. ती थेंब थेंब येणे, शेपटी उचलून कुंथणे, पोटावर लाथा मारणे, लिंगाच्या टोकाच्या केसांवर वाळूसारखे कण दिसणे ही खडा अडकल्याची लक्षणे. आधीपासून रोज ३० ग्रॅम मीठ आणि दिवसातून तीनदा पाणी दिल्यास धोका कमी होतो. अडकल्यावर मात्र लघवी सुटण्याचे औषध पाजू नये, ताण वाढतो. पशुवैद्यकाला लगेच बोलवावे. लघवी पूर्ण बंद होऊन दोन-तीन दिवस गेले की मूत्राशय फुटू शकतो. तेव्हा कळ थांबल्याने बैल काही तास शांत उभा राहतो आणि बरा झाला असे वाटते. मग पोट दोन्ही बाजूंनी खाली उतरत फुगते आणि तो चारा सोडतो.