कॅल्क्युलेटरात हत्ती आहे, गुंठा नाही

विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडून क्षेत्रफळाच्या यादीवर जा. एकर आहे, हेक्टर आहे, चौरस फूट, वार, मैल सगळे आहेत. गुंठा नाही, आणि सातबाऱ्यावर रोज दिसणारा आरही नाही. गंमत म्हणजे आकडा टाकला की खाली ‘म्हणजे साधारण इतकं’ सांगणारी एक ओळ येते, तिच्यात फुटबॉलची मैदानं असतात. वजनाच्या वेळी हत्ती आणि व्हेल निघतात, ऊर्जेच्या वेळी केळं. तोळा मात्र कुठेच नाही.

कॅल्क्युलेटर तसा जुना, १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासूनचा. एककं बदलण्याची सोय त्यात आली थेट २००९ साली, विंडोज ७ बरोबर. कंट्रोल आणि यू दाबलं की शेजारी तक्ता उघडायचा. त्याआधी विंडोज एक्सपीवर हे काम करायचं तर वेगळा कॅल्क्युलेटर उतरवून घ्यावा लागे. युनिक्स ही जुनी संगणक प्रणाली वापरणाऱ्यांकडे मात्र ‘युनिट्स’ नावाचा छोटासा प्रोग्राम १९७०च्या दशकापासून होता. तो दोनच गोष्टी विचारायचा: तुमच्याकडे काय आहे, आणि हवं काय. त्यात चलनंही होती. पण चलनाच्या या आकड्यांवर आपले आर्थिक बेत आखू नका, असं त्याच्या माहितीपत्रकातच बजावलेलं होतं. इतका प्रामाणिकपणा आता दिसत नाही.

मार्च २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने कॅल्क्युलेटरचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुला केला. त्यात क्षेत्रफळाच्या एककांमध्ये एक परका पाहुणा सापडतो: कोरियातला प्योंग. संगणकाचा प्रदेश कोरिया असेल तरच तो यादीत दिसतो. एक प्योंग म्हणजे ४०० भागिले १२१ चौरस मीटर, साधारण ३.३. कोरियात व्यवहारात प्योंग वापरायला सरकारची मनाई आहे, तरी लोक घर प्योंगातच मोजतात. आपलं दुखणं काही वेगळं नाही. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, शेर-मण गेले, पण जमिनीचा सौदा अजून गुंठ्यातच ठरतो. सराफाने तोळा सोयीने १० ग्रॅमचा करून टाकला. मूळ तोळा ११.६६ ग्रॅमचा.

गुंठ्याचा जन्म मोजणीच्या साखळीतला. ३३ फुटी साखळी लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा टाकली की गुंठा झाला: ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. वारात सांगायचं तर १२१ चौरस वार. (प्योंगातला १२१ आणि हा १२१ यांचा संबंध नाही, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकलो होतो.) असे ४० गुंठे म्हणजे एकर.

घोळ होतो तो आरमुळे. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. ‘आर म्हणजे गुंठाच’ असं गावात सर्रास म्हणतात आणि एका गुंठ्यापुरतं ते चालूनही जातं, फरक साडेबारा चौरस फुटांचा. ४० गुंठ्यांच्या एकरात तोच फरक ५०० चौरस फुटांच्या वर जातो. शहरालगतच्या जमिनीत तेवढ्यात एक खोली-स्वयंपाकघर बसतं.

तेव्हा कॅल्क्युलेटरकडून काम करून घ्यायचं तर दोन पायऱ्या. समजा सातबाऱ्यावर ०.६३ हेक्टर लिहिलंय. हेक्टर निवडून ०.६३ टाका, समोर एकर निवडा: १.५५६८. पूर्णांक तो एकर. उरलेल्या ०.५५६८ ला ४० ने गुणा, २२.२७ येतात. एक एकर सव्वाबावीस गुंठे. आणि ०.८१ हेक्टर टाकून पाहिलंत, तर उत्तर जवळपास नेमके २ एकर येईल: जुन्या दोन एकरांचं मेट्रिकमध्ये रूपांतर करताना आकडा तिथेच वर ओढला गेलेला असतो.