मांजराचे व्यक्तिचित्र (बडोदे)

मांजराचे व्यक्तिचित्र : घरात वाढलेल्या एका ठरावीक मांजराचे, घरच्यांना ते चटकन ओळखू यावे म्हणून काढलेले चित्र. नुसते मांजर काढायचे तर कान, शेपूट, मिशा आणि थोडा ऐटबाजपणा एवढ्यावर भागते. ‘आमची मनी’ काढायची म्हटली की उजव्या कानाची फाटलेली कड, नाकाच्या गुलाबी बोंडावरचा काळा डाग आणि हनुवटीखालचा पांढरा ठिपका यांतले काही चुकून चालत नाही. चुकलेच तर आजीपासून नातवापर्यंत सगळे मिळून चित्र नापास करतात, मग रंगकाम कितीही सफाईदार असो. प्रस्तुत नोंद बडोदे शहरापुरती आहे. गायकवाडांच्या काळापासून इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचे जुने वाडे आणि देशभरातून विद्यार्थी येणारे कलाविद्यालय अशा तिन्ही गोष्टी या शहरात एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

आपल्याकडच्या कलेत मांजर पुष्कळ आहे, पण ते बहुतेक वेळा पात्र म्हणून येते. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावर दोन पायांवर उभे राहून, पुढचे पंजे वर करून तप करणारे मांजर आहे आणि त्याच्या पायाशी भाबडे उंदीर जमले आहेत. हितोपदेशातला दीर्घकर्ण बोका याच जातीचा ढोंगी. कलकत्त्याच्या कालीघाट पटचित्रांत कपाळावर गंध लावलेले मांजर तोंडात मासा किंवा कोळंबी धरून बसते. तिथे रोख भोंदू बुवांवर असतो. षष्ठीदेवीचे वाहन म्हणून मांजराला मान आहे, पण वाहन म्हणूनच. या सगळ्यांत कोणाच्या घरचे मांजर समोर बसवून काढले आहे असे कुठे वाटत नाही. वाटायचे कारणही नव्हते, कारण चित्रकाराला मांजराचा स्वभाव सांगायचा नव्हता, माणसाचा सांगायचा होता.

एकाच प्राण्याची शबीह, म्हणजे हुबेहूब व्यक्तिचित्र, काढण्याची दृष्टी मोगल दरबारात दिसते. जहांगीराच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने 1612 च्या सुमारास टर्की पक्षी आणि 1621 मध्ये झेब्रा काढला, तो तो प्राणी दरबारात आल्यावर, त्याच्याकडे पाहून. नवलाईची वस्तू म्हणून ती नोंद झाली. मांजर मात्र रोजचे, चुलीपाशी लोळणारे. त्याची नोंद कोण कशाला करील?

युरोपातही बराच काळ हेच होते. स्पॅनिश चित्रकार गोयाने 1787-88 मध्ये काढलेल्या लाल पोशाखातल्या मुलाच्या चित्रात तीन मांजरे पाळीव पक्ष्यावर डोळा ठेवून बसली आहेत, आणि ती काही कुणाची लाडकी म्हणून आलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकात हेन्रिएट रॉनर-क्निप (1821-1909) या चित्रकर्तीने मांजरे हाच आपला मुख्य विषय केला. पुढच्या बाजूला काच बसवलेल्या पेटीत गाद्या-उशा ठेवून ती त्यांच्या हालचाली न्याहाळत असे. कार्ल काहलर या ऑस्ट्रियन चित्रकाराला कॅलिफोर्नियातल्या एका धनाढ्य बाईंनी आपल्या मांजरांचे चित्र सांगितले तेव्हा त्याने आधी एकेकाची स्वतंत्र रेखाटने करण्यात काही वर्षे घालवली. 1891 मध्ये पुऱ्या झालेल्या त्या चित्रात 42 मांजरे आहेत. 2015 मध्ये ते लिलावात 8 लाख 26 हजार डॉलरला गेले. चित्र भपकेबाज आहे, पण कामाची पद्धत बरोबर होती. घोळका रंगवण्याआधी एकेकाची ओळख करून घेतली.

बडोद्यात माणसांच्या व्यक्तिचित्रांना मोठा राजाश्रय मिळाला. सयाजीराव तिसरे (1863-1939) यांनी राजा रविवर्म्याकडून राजघराण्याची चित्रे करवून घेतली आणि 1890 मध्ये पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणप्रसंगांची चौदा चित्रेही मागवली. राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आज पाहता येतात. त्याच 1890 साली सुरू झालेल्या कलाभवनात तांत्रिक विषयांबरोबर चित्रकला शिकवली जाई. दादासाहेब फाळके काही काळ तिथलेच विद्यार्थी. दिवाण भाऊ तांबेकरांच्या वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे ही याहून निराळी, मराठा वळणाची परंपरा. एकंदरीत भिंतीवर ओळखीचा चेहरा असावा ही आवड इथल्या मध्यमवर्गात राजवाड्याकडून झिरपली असावी असे मानायला जागा आहे. दिवाणखान्यात आजोबांचे पगडीतले तैलचित्र किंवा रंगवलेला फोटो असे. घरातले मांजर त्याच दिवाणखान्यात, आजोबांच्या खालच्या खुर्चीत झोपलेले, पण चित्राबाहेरच.

महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात 1950 मध्ये ललित कला विभाग उघडला आणि नारायण श्रीधर बेंद्रे (1910-1992) तिथे शिकवायला आले. बेंद्रे मूळचे इंदूरचे, तिथले कलाशिक्षक देवळालीकर यांचे शिष्य, उघड्यावर बसून समोरचे टिपण्यात तरबेज. मांजराच्या चित्राच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे नाव के. जी. सुब्रमण्यन (1924-2016) यांचे. शांतिनिकेतनात शिकलेले सुब्रमण्यन 1951 मध्ये बडोद्यात आले, 1980 मध्ये पुन्हा शांतिनिकेतनला गेले आणि अखेरची वर्षे बडोद्यात राहिले. त्यांच्या काचेवर उलट बाजूने रंगवलेल्या चित्रांत, कागदावरच्या कामांत, मुलांसाठीच्या पुस्तकांत मांजर सारखे डोकावते : बाईच्या मांडीवर, खिडकीच्या चौकटीत, कधी अर्धे मांजर आणि अर्धे भूत. दोन-चार फटकाऱ्यांत मांजराचा आळस आणि त्याच क्षणी झेप घेण्याची तयारी एकत्र पकडणे हे त्यांचे कसब. पण तेही मांजर कुणा एकाचे नव्हे. त्यांची रेषा उचलून घरच्या मांजराचे चित्र करू पाहणाऱ्या होतकरूंची फसगत होते ती इथेच. रेषा ऐटदार येते आणि मनी हरवते.

आता मागणीविषयी. पाळीव मांजराचे चित्र सांगणारे गिऱ्हाईक हल्ली बहुधा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. फोटो ढीगभर असतात, पण उपयोगाचे मोजकेच. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या फोटोत मांजराचे नाक फुगते आणि कान मागे पडतात. म्हणून चार पावले मागे सरून, झूम करून, मांजराच्या डोळ्यांच्या पातळीला म्हणजे प्रत्यक्षात जमिनीवर पालथे पडून काढलेला फोटो मागावा. फ्लॅश नको. मांजराच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे पेटतात आणि बुबुळाचा खरा रंग कळत नाही. शक्य असेल तर चित्रकाराने एकदा घरी जाऊन बसावे. मांजर पोझ देत नाही, बहुतेक वेळा पलंगाखाली जाते. तरीही ते कुठून कसे पाहते, बसताना पंजे आत दुमडते की पुढे टाकते, शेपूट अंगाभोवती कोणत्या बाजूने घेते, हे तासाभरात कळते. घरच्यांच्या बोलण्यातूनही कळते. ‘आमचा बोका असा सरळ कधी बसतच नाही हो’ हे वाक्य दहा फोटोंहून मोलाचे आहे.

डोळे हा चित्राचा कस. मांजराची बाहुली उजेडात उभ्या चिरेसारखी बारीक होते आणि अंधारात पसरून जवळजवळ सगळा डोळा व्यापते. भर दुपारच्या फोटोवरून काढलेले मांजर त्यामुळे धूर्त, थोडे रागीट दिसते. घरच्यांच्या मनातले मांजर मात्र बहुतेक वेळा संध्याकाळचे असते, दिवेलागणीनंतर ओट्याखाली घुटमळणारे, गोल बाहुलीचे. फोटोशी तंतोतंत जुळूनही ‘हे आमचं वाटत नाही’ असा शेरा मिळाला तर आधी बाहुली तपासावी. वरची पापणी बुबुळावर जी सावली टाकते ती विसरली तर डोळा काचेच्या गोटीसारखा बटबटीत होतो.

वयाचाही घोळ असतो. पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळे असतात आणि साधारण दुसऱ्या महिन्यात खरा रंग धरू लागतात. लहानपणीचा गोड फोटो आणि मोठेपणीचे आठवणीतले घारे डोळे एकाच चित्रात मागितले जातात. सयामी वळणाच्या मांजरात तर अंगाचा रंगच तापमानावर चालतो. शरीराच्या थंड भागांत, म्हणजे कान, नाक, पंजे, शेपटीवर, रंगद्रव्य अधिक बनते, म्हणून ते भाग गडद दिसतात आणि वयाबरोबर आणखी गडद होतात. काळे मांजर गच्चीवर ऊन खात पडणारे असेल तर त्याच्या केसांवर तांबूस झाक येते. कोणत्या वर्षीची मनी काढायची, हे आधी ठरवून घेतलेले बरे.

केसांबाबत नवशिके एकेक केस ओढत बसतात. त्याने मांजराचा ब्रश होतो. आधी केसांची दिशा समजून घ्यायची : नाकाच्या हाडावर आखूड केस कपाळाकडे वर जातात, गालावर मागे वळतात, छातीवर दुभंगतात. पट्टेवाल्या देशी मांजराचा एकेक केसच फिकट आणि गडद अशा वळ्यांचा असतो, त्यामुळे पट्ट्यांमधली जागा एका रंगाने भरली की मेलेली दिसते. खाली उबदार गेरूसर थर आणि वर तुटक गडद फटकारे हा उपाय. अशा मांजराच्या कपाळावर इंग्रजी एम अक्षरासारखी खूण असते. ती सगळ्यांना असते, पण प्रत्येकीची वेगळी. तिथे घाई करू नये. काळ्या मांजराला ट्यूबमधला काळा लावणे हा गुन्हाच समजावा. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांच्या मिश्रणाने खोल काळा मिळतो आणि खिडकीकडच्या बाजूची निळसर चकाकी त्यात सामावते. पांढरे मांजर रंगवायचे म्हणजे खरे तर सावल्या रंगवायच्या. पांढरा, काळा आणि तांबडा असे तिन्ही रंग अंगावर असलेले मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, कारण तांबड्या रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. फोटोतल्या तिरंगी मांजराला ‘बोका’ म्हणून चित्राखाली नाव लिहिण्याआधी एकदा विचारून घ्यावे.

मिशा दोन्ही गालांवर साधारण बारा-बारा, चार ओळींत असतात. जलरंगात त्या शेवटी पांढऱ्या गवाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, एका दमात काढतात, किंवा आधी मास्किंग फ्लुइडने, म्हणजे रंग बसू न देणाऱ्या द्रवाने, जागा राखतात. थांबत थांबत काढलेली मिशी तारेसारखी दिसते. एखादी तुटलेली असेल तर तुटलेलीच काढावी. हाच न्याय कानाला. नसबंदी झालेल्या भटक्या मांजराच्या कानाचे टोक ओळखीसाठी कापलेले असते. रस्त्यावरून घरात आलेल्या मांजराचा तो कान ‘नीट करून द्या’ अशी विनंती होते. बहुतेक चांगले चित्रकार ती मानत नाहीत, आणि योग्यच करतात. मांजराचा सगळा पूर्वेतिहास त्या कानात आहे.

बारीक कामासाठी पूर्वी मुंगसाच्या केसांचे ब्रश आवडीने वापरत. मुंगूस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि असे ब्रश विकणे-विकत घेणे बेकायदा आहे. कृत्रिम केसांचे चांगले ब्रश आता सहज मिळतात. एका जनावराच्या प्रेमाखातर दुसऱ्याची कत्तल नको, हे मांजरप्रेमींना वेगळे सांगावे लागू नये, पण कधी कधी लागते.

मागणीचा मोठा भाग मांजर गेल्यानंतर येतो. तेव्हा हाती उरलेले फोटो अंधुक, हललेले, बहुधा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या कोपऱ्यातले असतात आणि घरात डोळ्यांच्या रंगावरून मतभेद सुरू होतात. आई म्हणते हिरवे, मुलगी म्हणते मधासारखे. अशा वेळी मधला रंग लावणे सर्वांत वाईट. कुणाच्या आठवणीवर विसंबायचे ते ठरवून त्या माणसाला चित्राच्या टप्प्याटप्प्यावर दाखवावे. ज्याने रोज वाटीत दूध ओतले त्याची साक्ष सहसा खरी ठरते. चित्र तयार झाले की ते लावायचे कुठे हा प्रश्न मराठी घरात हमखास निघतो. पितरांच्या तसबिरींच्या रांगेत लावायचे का, लावले तर हार घालायचा का? काही घरांत घालतात. काही घरांत ज्येष्ठांचा विरोध होतो आणि मनी दिवाणखान्याऐवजी स्वयंपाकघराच्या दारापाशी जाते, जिथे तसाही तिचा मुक्काम होता.

चौकटीबाबत दोन गोष्टी. कागदावरचे चित्र काचेला टेकता कामा नये. मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरते. पेस्टलच्या चित्राला तर माउंट जाड लागतो, कारण रंगाची भुकटी झडते. दुसरी गोष्ट शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची. 2019 आणि 2024 च्या पुरांत शहराच्या सखल भागात पाणी घरांत शिरले आणि मगरी रस्त्यांवर आल्या. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी चित्र उंच लावावे, आणि मूळ चित्राचे चांगले स्कॅन करून त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी.