गणितातलं हाताळायचं साहित्य आणि प्राथमिक शिक्षकांचा दृष्टिकोन (बडोदा)

पहिली ते पाचवीच्या गणितात मणी, काड्यांचे गठ्ठे, अपूर्णांकाच्या चकत्या, खोट्या नोटा असं जे साहित्य मुलांनी हातात घेऊन वापरायचं असतं, त्याबद्दल शिक्षकांना काय वाटतं आणि वर्गात ते खरंच काय करतात, असा हा विषय. शाळेत याला सरसकट टीएलएम (टीचिंग-लर्निंग मटेरियल) म्हणतात, बडोद्यातल्या मराठी बाईंच्या तोंडी गुजरातीतली मणकाघोडीही (तारांत मणी ओवलेली मोजणीची चौकट) येते.

विचारलं तर नको म्हणणारा शिक्षक सापडणं कठीण, गोची पुढे आहे. अमेरिकेत पॅट्रिशिया मॉयर यांनी मधल्या इयत्तांच्या १० शिक्षकांचे तास वर्षभर बघितले (अभ्यास २००१ मध्ये छापला) तर ते 'मजेचं गणित' आणि 'खरं गणित' असा भेद करत होते, साहित्य मजेसाठी आणि खरं ते वही-पेन्सिलचं. आपल्याकडेही कपाट उघडतं ते शनिवारी नाहीतर तपासणीच्या आदल्या दिवशी.

गुजरातला हे नवीन नाही खरं तर. बालशिक्षणातले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला मॉन्टेसरीच्या धर्तीवर, मुलांच्या हातात साहित्य देणारं बालमंदिर काढलं, ताराबाई मोडकही तिथे जाऊन मिळाल्या, पण त्यामुळेच की काय, मणी-ठोकळे म्हणजे बालवाडीचं काम, तिसरीतल्या घोड्यांना काय खेळवायचं, हा समज पक्का बसलाय. २०१० पासून सरकारी शाळांत पहिली-दुसरीला 'प्रज्ञा' हा कृतीतून शिकण्याचा कार्यक्रम आला, मुलं खाली गटात बसतात, छाबडीतून (टोपलीतून) कार्ड घेतात, तिथे निदान साहित्य वेगळं 'काढावं' लागत नाही.

बाकी तक्रारी ठरलेल्या, पोर्शन संपत नाही, गोंगाट होतो, मणी हरवले तर भरपाई कोण करणार. सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला टीएलएमसाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे, चार्टपेपर नि स्केचपेन घेतले की संपले.

आता ४२ वजा १७ घ्या. बरीच मुलं ३५ लिहितात, २ मधून ७ जात नाहीत ना, मग ७ मधूनच २ काढून मोकळी होतात. त्याच मुलाला दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन सतरा मागा, ते अडतं, इकडेतिकडे बघतं आणि मग एका गठ्ठ्याचं रबर काढतं. बारातल्या सात दिल्या, पाच उरल्या, तीन गठ्ठ्यांतला एक दिला, झाले २५. पण त्याच वेळी बाईंनी फळ्यावर ४ खोडून ३ केला नाही तर मुलाच्या लेखी काड्या वेगळ्या नि वहीतली वजाबाकी वेगळी. वस्तूत गणित आपोआप भरलेलं नसतं हे अमेरिकेतल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासक डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्येच बजावलं होतं, आणि २०१३ मध्ये ५५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही फायदा बेताचाच निघाला, तोही शिक्षक किती वाट दाखवतो त्यावर कमीजास्त होणारा. म्हणजे 'यानं काही फरक पडत नाही' म्हणणारे सर अगदीच आळशी असतात असं नाही, त्यांनी अर्धंच करून बघितलेलं असतं.

आणखी एक कारण कुणी उघड बोलत नाही, ते म्हणजे धास्ती. अपूर्णांकाचा भागाकार ज्यांना 'उलटा करा नि गुणा' एवढाच शिकवला गेला, ते चकत्या कशाला बाहेर काढतील, मुलानं 'उलटा का' विचारलं तर? २०२३ मध्ये ३ ते ८ वयाच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' ही खेळणी नि शिकायच्या साहित्याची सरकारी पेटी आली, पेटी छान आहे, पण ही धास्ती पेटीनं जात नाही. त्यापेक्षा ट्रेनिंगमध्ये शिक्षकांनाच दहाऐवजी पाच-पाचाचे गठ्ठे देऊन वजाबाकी करायला लावावी, तिथे पाठ असलेली रीत चालत नाही आणि रबर काढावंच लागतं.