नागपूरचं सांडपाणी आणि समुद्राचं खत

सांडपाण्याने किनारे नासतात म्हटलं की नागपुरात ठरलेलं उत्तर मिळतं: तो मुंबईवाल्यांचा प्रश्न, आपल्याकडे झिरो माइल आहे, समुद्र कुठाय? पण नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याच्या पुढे गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. मध्ये गोसीखुर्दचं धरण आहे, बरीच घाण तिथेच अडते. सगळी नाही.

वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, हा आपला लाडका समज. अर्धा खरा आहे: नदीतले जिवाणू विष्ठा, साबण, अन्नाचे कण खातात आणि पाणी निवळ दिसू लागतं. पण लघवीतून आलेला नायट्रोजन कुठे गेला? तो आधी अमोनिया आणि मग नायट्रेट होऊन विरघळलेला असतो. ना रंग, ना वास. समुद्रातल्या शेवाळाला बहुधा नेमकी याचीच टंचाई असते. किनाऱ्याजवळ नायट्रेट मिळालं की शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जातं, आणि ते कुजवताना जिवाणू तिथला प्राणवायू संपवतात. मासे पळतात, शिंपल्यांना पळताही येत नाही.

म्हणून एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, खरं कौतुक नायट्रोजन काढण्यात आहे. 1914 साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. अमोनियाचं नायट्रेट व्हायला सुरुवातीला पाचेक आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, खालचा तपकिरी गाळ विरजणासारखा ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. असं करत करत तेच काम 24 तासांच्या आत आलं. कारण अमोनिया खाणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. गाळ टाकला की तेही जातात. आजही ऑपरेटर एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरतो आणि अर्ध्या तासात गाळ कुठवर बसला ते बघतो. गाळ बसेना, तर तो पाण्याबरोबर वाहून जातो आणि विरजणच संपतं.

आता गंमत. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे 4.57 ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल. पुढच्या पायरीला मात्र हवा चालत नाही: दुसरे जिवाणू प्राणवायू नसला की नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू हवेत सोडतात. त्यांना कार्बन खायला लागतो, आणि तो तर हवा देतानाच संपलेला! उपाय असा की नायट्रेट झालेलं पाणी मागे फिरवून ताज्या सांडपाण्यात मिसळायचं. एसबीआर नावाच्या पद्धतीत सगळं एकाच टाकीत, आळीपाळीने होतं, तिथे टाकी भरताना ब्लोअर बंद ठेवतात. नायट्रेटमधल्या दर ग्रॅम नायट्रोजनमागे 2.86 ग्रॅम प्राणवायूची भरपाईही होते.

नाल्यात ‘बायो-एन्झाइम’च्या बाटल्या ओतून नदी साफ करू म्हणणाऱ्यांनी हे हिशेब एकदा मांडावेत. तिथे ना हवा, ना गाळ टिकत.

नागपूरच्या भांडेवाडीतल्या एसटीपीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तिथेही अमोनिया नकोच असतो, कारण तो तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या कुरतडतो. जे नाले थेट नाग नदीत उतरतात, त्यांच्या पाण्यावर यातलं काहीच होत नाही.