मलबार प्रिन्सेस की कांचनजंगा? एकाच कड्यावर आदळलेली दोन विमानं

होमी भाभांच्या मृत्यूबद्दल लिहिताना कोणी 'मलबार प्रिन्सेस'चं नाव घेतलं, की समजावं इथे गल्लत झाली आहे. भाभा होते ते 'कांचनजंगा'मध्ये. पण लिहिणाऱ्याला दोष तरी किती द्यायचा? दोन्ही विमानं एअर इंडियाची. दोन्ही मुंबईहून निघालेली, दोन्ही लंडनला जाणारी. वाटेत जिनिव्हाला उतरण्याआधी दोन्ही आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळली, आणि तीही शिखराखालच्या जवळपास त्याच कड्यावर. दोन्हींत कोणीही वाचलं नाही. मध्ये पंधरा वर्षं गेली, एवढाच काय तो फरक असं वरवर पाहणाऱ्याला वाटतं.

आधी नावांचं पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. एअर इंडियाच्या सुरुवातीच्या, पंख्यांच्या कॉन्स्टेलेशन विमानांना 'प्रिन्सेस' अशी नावं होती. त्यांत एक 'मराठा प्रिन्सेस'सुद्धा होती. पुढे बोईंग 707 आली, तेव्हा त्यांना हिमालयातल्या शिखरांची नावं मिळाली. म्हणजे राजकन्या असेल तर पंख्यांचं विमान आणि शिखर असेल तर जेट. 'कांचनजंगा' नावाच्या विमानाचा शेवट दुसऱ्याच पर्वतावर व्हावा, हा योग मात्र फार क्रूर.

'मलबार प्रिन्सेस'चं कौतुक मोठं होतं. 8 जून 1948 ला कैरो आणि जिनिव्हामार्गे मुंबई-लंडन सेवा सुरू झाली ती याच विमानाने, आणि त्या पहिल्या फेरीत जे. आर. डी. टाटा स्वतः बसले होते. 3 नोव्हेंबर 1950 ला त्यात 40 उतारू आणि 8 कर्मचारी होते. उतारूंमध्ये मुख्य भरणा खलाशांचा. ब्रिटनला जाऊन बोटीवर रुजू व्हायचं म्हणून ते निघाले होते. डोंगरावर वादळ होतं. वैमानिकाने शेवटच्या संदेशात आपली उंची 4,700 मीटर कळवली. माँ ब्लाँची उंची 4,800 मीटरहून थोडी जास्त आहे. या दोन आकड्यांतच सगळं आलं. वैमानिकाला आपण कुठे आहोत असं वाटतंय, यापलीकडे खाली जमिनीवरच्या नियंत्रकाच्या हाती फारसं काही नव्हतं. अवशेष दिसायलाच दोन दिवस गेले. शोधाला निघालेल्या तुकडीतले, पायथ्याच्या शामोनी गावचे वाटाडे रेने पायो यांचाही त्या मोहिमेत जीव गेला.

24 जानेवारी 1966 ची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. इथे खालच्या माणसाला चूक दिसत होती.

'कांचनजंगा' दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाकडे येत होतं. आत 106 उतारू आणि 11 कर्मचारी होते. व्हिएन्नाला अणुऊर्जेच्या बैठकीसाठी निघालेले भाभा त्यांतलेच एक. जमिनीवरच्या केंद्राच्या आधाराने दिशा दाखवणारं एक रेडिओ यंत्र असतं, त्याला व्हीओआर म्हणतात. विमानात अशी दोन यंत्रं होती. त्यांतलं एक बंद आहे हे बैरुत सोडतानाच कॅप्टनला माहीत होतं. माँ ब्लाँच्या संदर्भात आपण कुठे आहोत याचा त्याचा हिशोब चुकला, आणि तोच अंदाज त्याने नियंत्रकाला कळवला. नियंत्रकासमोर रडार होतं. विमान नेमकं कुठे आहे हे त्याला बरोबर दिसलं. माँ ब्लाँला अजून 5 मैल आहेत, अशा अर्थाचं त्याने सांगितलंही. पण ते इतक्या मोघम शब्दांत होतं, की वैमानिकाला त्यात दुरुस्ती ऐकूच आली नाही. कडा मागे पडला अशा समजुतीत विमान खाली येत राहिलं. चौकशीतही बोट ठेवलं गेलं ते हिशोबाच्या चुकीवर आणि या ढिल्या शब्दांवर.

म्हणजे 1950 साली माहितीच नव्हती, आणि 1966 साली ती होती, पण पोचली नाही. कड्याचं नाव सारखं म्हणून कारणही सारखं मानलं, तर नेमकं हेच निसटतं.

भाभांमुळे दुसऱ्या अपघाताला कटाच्या कथा चिकटल्या आणि त्या अजूनही फिरतात. त्यात बॉम्बचा विषय निघतो तेव्हा मला राहून राहून वाटतं, की लोकांच्या डोक्यात एक तिसरंच विमान मिसळलेलं असावं. ते म्हणजे 'काश्मीर प्रिन्सेस'. हाँगकाँगला ठेवलेल्या बॉम्बने ते 11 एप्रिल 1955 ला समुद्रात पाडलं. निशाणा होता चीनचे पंतप्रधान चौ एन लाय, जे त्या विमानात नव्हतेच. कॅप्टन जठार त्यात गेले, आणि वाचलेल्या तिघांपैकी एक होते अनंत कर्णिक. त्या घातपाताचा माँ ब्लाँशी काडीचाही संबंध नाही.

उरलेला गोंधळ हिमनदी करते. कड्याखालचं बरंचसं बर्फ बोसाँ हिमनदीतून शामोनीच्या खोऱ्याकडे सरकतं आणि काही दशकांनी त्यातल्या वस्तू खाली बाहेर टाकतं. दोन्ही विमानांचा माल एकाच वाटेने येतो, तोही आपल्या लहरीनुसार. मग सापडलेला तुकडा कुठल्या विमानाचा? पंख्याचं पातं असेल तर शंकाच नाही, ते कॉन्स्टेलेशनचं. जेट इंजिनाचा भाग असेल तर बोईंगचा. कागद सापडला तर काम आणखी सोपं. 2012 मध्ये परराष्ट्र खात्याच्या टपालाची एक पिशवी मिळाली, आतल्या तारखा 1966 च्या. 2020 मध्ये वर्तमानपत्रं निघाली, त्यांत इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी. ज्या दिवशी विमान पडलं, त्याच दिवशी दिल्लीत त्यांचा शपथविधी झाला होता. 2013 मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम आणि माणकांची पेटी सापडली. त्याने ती प्रामाणिकपणे पोलिसांकडे दिली, आणि 2021 मध्ये ती रत्नं त्याच्यात आणि शामोनी गावात निम्मी-निम्मी वाटली गेली.

2017 मध्ये बर्फातून एक हात आणि मांडीचा भाग वर आला. तो 1966 च्या विमानातल्या एखाद्या स्त्रीचा असावा, असा अंदाज शोधणाऱ्याने बांधला.